राजीनाम्यांची निवडणूक

१९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली तेव्हा आमच्या घरात कोणालाच मत नव्हतं. राष्ट्रपती निवडायचे खासदारांनी आणि आमदारांनी. बाकीच्यांनी निकाल ऐकायचा. तरी महाडच्या आमच्या घरात त्या ऑगस्टमध्ये अण्णा आणि भाऊकाका, म्हणजे माझे आजोबा आणि त्यांचा थोरला मुलगा, दोन दिवस एका पंगतीला बसले नाहीत. मी तेव्हा जन्मले नव्हते. जे कळलं ते माईआत्याकडून, भाऊकाकांकडून, आणि आजी होती तोवर तिच्याकडून. तिघांच्या सांगण्यात बारीकसारीक फरक आहेत. ताटावरून आधी कोण उठलं यावर तर अजून एकमत नाही. पण भांडण कशावरून झालं ते तिघेही सारखंच सांगतात. रिंगणात पंधराजण होते, त्यांतली खरी नावं तीन. त्या तिघांनीही कधी ना कधी खुर्ची सोडली होती, आणि कोणाच्या राजीनाम्याचं मोल अधिक, यावरून ते भांडण होतं.

त्या वर्षी ३ मेला राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेस महासमितीची बैठक भरली, तिथे इंदिरा गांधींनी आर्थिक धोरणाचं एक टिपण पाठवलं. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा विषय त्यात होता. त्याच मुक्कामात पक्षाच्या संसदीय मंडळाने राष्ट्रपतिपदासाठी लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचं नाव नक्की केलं. इंदिराबाईंना ते नको होतं. मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील, पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा रेड्डींच्या बाजूचे, आणि यशवंतराव चव्हाणांनीही मत रेड्डींच्याच पारड्यात टाकलं. उमेदवार कोण हा प्रश्न आणि बँका कोणाच्या हा प्रश्न इथे एकमेकांत गुंतले, ते शेवटपर्यंत सुटे झाले नाहीत. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं गेलं, ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९ जुलैला, शनिवारी, पन्नास कोटींच्या वर ठेवी असलेल्या चौदा बँका वटहुकमाने सरकारच्या झाल्या. वटहुकमावर सही गिरींची. दुसऱ्या दिवशी गिरींनी पद सोडलं आणि ते अपक्ष म्हणून उभे राहिले. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं तेही याच दिवसांत, पण माईआत्या सांगते, आमच्या ओटीवर त्याची चर्चा उरकायला अर्धा तास पुरला.

तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना उभं केलं होतं.

अण्णा महाडला शाळेत शिक्षक होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. चिंतामणरावांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, रायगडाच्या वाटेवरचा. अण्णा आठ वर्षांचे असताना, १९१२ मध्ये, हा मुलगा मॅट्रिकला साऱ्या मुंबई इलाख्यात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. अण्णांच्या मास्तरांनी ती बातमी वर्गात सांगितली होती, आणि पुढे अण्णांनी ती आपल्या प्रत्येक वर्गाला सांगितली. केंब्रिज, आयसीएसमध्ये पहिला क्रमांक, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. मेघदूताचं मराठी समश्लोकी भाषांतर करणारा अर्थमंत्री आपल्या तालुक्यातला आहे, याचा अण्णांना जो आनंद होता तो मी त्यांच्या म्हातारपणीही पाहिला आहे. १९५२ मध्ये कुलाब्यातून देशमुख लोकसभेला उभे राहिले, तेव्हा अण्णा चक्क नवं धोतर नेसून मत द्यायला गेले, हे आजीचं सांगणं.

आणि मग १९५६. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायची असं ठरलं. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले, माणसं रस्त्यावर मेली. जुलैमध्ये चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून सांगितलं की मुंबईचा हा निर्णय मंत्रिमंडळाला नीट विश्वासात न घेता झाला, आणि गोळीबाराची चौकशी नाकारली जाते हे आपल्याला पटत नाही. समोर पंडित नेहरू बसलेले. ते भाषण छापून आलेलं वर्तमानपत्र अण्णांनी ओटीवर मोठ्याने वाचलं. ऐकायला समोरच्या वाणीआळीतली माणसं आली होती, दोन शेतकरी पावसातून घोंगड्या पांघरून आले होते. आजी म्हणायची, वाचता वाचता त्यांचा आवाज एकदा फुटला, आणि आम्ही बायकांनी आतून तो ऐकला.

त्यामुळे १९६९ मध्ये अण्णांचा उमेदवार ठरलेला होता. त्याला कोणत्या पक्षाने उभं केलं, हे त्यांच्या लेखी गौण. त्या १३ जूनला आचार्य अत्रे गेले होते. अत्रे असते तर ‘मराठा’तून चिंतामणरावांसाठी काय लिहिते, हे अण्णा त्या महिन्यात कितीदा तरी बोलून दाखवत.

भाऊकाका मुंबईला फोर्टात, त्या चौदांपैकीच एका बँकेत कारकून. गिरगावात चाळीत राहायचे, युनियनचं काम करायचे. ते मोलाचा मानायचे तो राजीनामा वेगळा होता, गिरींचा. तो १९५४ चा.

त्याची हकिकत काकांनी मला फार तपशिलाने सांगितली आहे, कारण हल्ली बँकेत नोकरी करणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते. स्वातंत्र्यानंतर बँकांतल्या पगारांचा वाद लवादाकडे गेला. जुने कर्मचारी ‘शास्त्री अवॉर्ड’ म्हणतात तो निवाडा १९५३ मध्ये आला. त्यावर अपील झालं, अपिलात कर्मचाऱ्यांच्या पदरात आणखी थोडं पडलं, आणि १९५४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने हात घालून तो निवाडाच बदलला. लहान बँका आणि लहान गावांतल्या शाखा एवढे पगार पेलू शकणार नाहीत, हे सरकारचं कारण. अर्थखातं होतं देशमुखांकडे. मजूरमंत्री होते गिरी. गिरींची सारी हयात रेल्वे कामगारांच्या चळवळीत गेलेली. लवादाने दिलेला निवाडा सरकारनेच मोडायचा असेल तर कामगाराने लवादाकडे जायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावरून ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पुढे सरकारला आयोग नेमावा लागला. आधी न्यायमूर्ती राजाध्यक्ष, ते वारल्यावर न्यायमूर्ती गजेंद्रगडकर. कापलेलं बरंचसं परत मिळालं. भाऊकाका नोकरीला लागले १९६० मध्ये, पण त्यांच्या टेबलाशेजारचे वडीलधारे कारकून गिरींचं नाव घेताना आदराने थांबत. कारकुनांच्या पगारासाठी दिल्लीतलं मंत्रिपद सोडणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

म्हणजे अण्णांच्या देशमुखांनी आपल्या खात्यातून १९५४ मध्ये बँक कारकुनांना ज्या गोष्टीला नाही म्हटलं, त्याच गोष्टीवरून काकांच्या गिरींनी राजीनामा दिलेला. दोघेही नेहरूंच्या एकाच मंत्रिमंडळात बसलेले, आणि पंधरा वर्षांनी एकाच पदासाठी समोरासमोर. हा योग मला फार विलक्षण वाटतो. त्या निवडणुकीवर पुढे जे लिहिलं गेलं त्यात इंदिरा गांधी आणि काँग्रेसची फूट यांनीच सगळी जागा घेतली, आणि या दोन म्हाताऱ्यांनी एकेकाळी कशासाठी पदं सोडली ते मागे पडलं. गिरींना मतदानाच्या आठवड्यात पंचाहत्तर पूर्ण झाली, देशमुख त्र्याहत्तरचे.

रेड्डींचा राजीनामा आमच्या घरात कोणाचाच नव्हता, पण अण्णांनी तो लढाईत वापरला. १९६४ मध्ये रेड्डी आंध्रचे मुख्यमंत्री होते. कर्नूल जिल्ह्यातले बसमार्ग खाजगी मालकांकडून काढून सरकारी करण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकालात मुख्यमंत्र्यांच्या हेतूवर ताशेरे आले, आणि त्यांनी पद सोडलं. अण्णांचा मुद्दा असा, की सरकारच्या हाती धंदा गेला की कोणाचा धंदा आधी घ्यायचा हे राजकारणी ठरवतो, आणि तिथूनच सूड सुरू होतो. बसचं झालं, तेच उद्या बँकांचं.

खडाजंगी झाली ती १५ ऑगस्टला. शुक्रवार होता, काका शनिवारची रजा टाकून रात्रीच्या एस्टीने आले होते. बाहेर पाऊस, लावण्या उरकलेल्या. माईआत्या तेव्हा अकरावीला, पाटावर बसून ताटं वाढून होण्याची वाट बघत ऐकत होती.

काकांनी अण्णांना विचारलं, “रिझर्व्ह बँक सरकारी झाली १९४९ ला. गव्हर्नर कोण होते?”

“चिंतामणराव.”

“इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ ला. अर्थमंत्री कोण?”

अण्णा बोलले नाहीत.

“आयुर्विमा सरकारने घेतला, १९५६ ला, जानेवारीत. रेडिओवरून देशाला कोणी सांगितलं? तुम्हीच तर आम्हाला जवळ बसवून ऐकवलंत ते भाषण. मग जो माणूस तीन वेळा हेच करून बसला, त्याला राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांनी उभं का केलं, आणि तो उभा का राहिला, हे मला सांगा अण्णा.”

अण्णा म्हणाले, फरक रीतीचा आहे. आधी अभ्यास, अहवाल, मग कायदा. हे रातोरात वटहुकूम काढणं वेगळं. काकांनी ताबडतोब उत्तर दिलं, विमासुद्धा रातोरात वटहुकमानेच घेतला होता, मालकांनी कागद फिरवू नयेत म्हणून. ते खरंच होतं. १९ जानेवारी १९५६ ची ती रात्र. तेव्हा अण्णांनी मुंदडा प्रकरण काढलं. विमा सरकारकडे गेल्यावर दीडेक वर्षात विमेदारांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये हरिदास मुंदडाच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गेले. फिरोझ गांधींनी ते लोकसभेत उघडं पाडलं, न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड्यावर चौकशी केली, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. “चिंतामणराव त्या खुर्चीत असते तर हे झालं नसतं,” अण्णा म्हणाले. “खुर्ची कोणाला देता यावर सगळं आहे.” आणि काका म्हणाले, “खुर्चीत नेहमी चिंतामणराव असणार नाहीत, म्हणून तर धोरण लागतं.”

यानंतर ताटावरून कोणीतरी उठलं.

मी या दोन वाक्यांपाशी पुष्कळदा येऊन थांबले आहे. उमेदवार आणि आर्थिक धोरण यांची जिथे जिथे सांगड घालावी लागते तिथे हाच पेच पडतो. मला वाटतं, बँकांबाबत काका बरोबर होते आणि माणसाबाबत अण्णा. राष्ट्रीयीकरण कसं करावं, त्यात कुठे पैसा गळतो, लहान गावातली शाखा कशी जगते, हे त्या उमेदवारांमध्ये सर्वांत जास्त कळत असेल तर ते देशमुखांना. ते ज्ञान त्या प्रचारात कोणाच्याच कामी आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आजीचं बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी झालं, मतदानाच्या दिवशी, १६ ऑगस्टला. ती चुलीपाशी होती. तिचं माहेर रायगड खोऱ्यातलं, कुळांचं घर. पावसाळ्याच्या तोंडी पेरायला भात नसलं की तिचे वडील एक मण भात दिढीने आणत आणि सुगीला दीड मण फेडत. वर्ष वाईट गेलं तर उरलेल्यावर पुन्हा दिढी. एका वर्षी तिच्या आईच्या पुतळ्या गहाण पडल्या त्या परत आल्याच नाहीत. काकांना भाकरी वाढताना ती म्हणाली, “तुमची बँक सरकारची झाली म्हणतोस. मग माझ्या भावाला पुढच्या मिरगाला बियाणाला पैसे देईल का?” काकांनी “देईल” म्हटलं. “कधी?” तिने विचारलं. त्यावर काकांना सांगता आलं नाही. अण्णांनाही नाही.

तिचा प्रश्न सरकारच्या दप्तरात आधीपासून होता. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी हाती घेतली होती. गोरवाला समितीचा तो अहवाल १९५४ मध्ये आला. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ त्या समितीवर होते. शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपयांच्या कर्जात सत्तरच्या आसपास सावकारांचे, सहकारी संस्थांचे तीन, आणि व्यापारी बँकांचा पुरता एक रुपयाही नाही, असं त्यात निघालं. त्याच अहवालातून स्टेट बँकेची कल्पना आली, आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडायचं बंधन तिच्यावर घातलं गेलं, देशमुख अर्थमंत्री असतानाच. खाजगी बँका मात्र शहर सोडायला तयार नव्हत्या. १९६७ च्या सुमाराससुद्धा बँकांच्या शंभर रुपयांच्या कर्जातले जेमतेम दोन शेतीला जात. दिल्लीत वादाला समाजवाद म्हणत होते. रायगड खोऱ्यात तो दीड मण भाताचा हिशेब होता.

मतदान गुप्त होतं. रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही करणाऱ्या इंदिरा गांधींनी पक्षादेश काढायला नकार दिला आणि सदसद्विवेकाला स्मरून मत द्या असं सांगितलं. निजलिंगप्पा दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटल्याचा इंदिराबाईंनी मोठा मुद्दा केला होता. कम्युनिस्ट आणि द्रमुक गिरींकडे.

निकाल २० ऑगस्टला, बुधवारी. काका मुंबईला परतलेले. माईआत्या गणिताची वही घेऊन रेडिओपाशी बसली होती. अण्णांनी तिला पसंतीक्रमाच्या मतमोजणीचं गणित आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. एका खासदाराच्या मताची किंमत ५७६, आमदाराची राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे. वैध मतं ८,३६,३३७. जिंकायला ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोणीच पुरलं नाही. अण्णांना माणूस हरल्याचं दुःख आधीच झालं होतं, पण ते म्हणाले, “माई, आता बघ, चिंतामणरावांची मतं कोणाकडे जातात ते.” तिने वजाबाकी केली. मागे पडलेल्यांची मतं वाटल्यावर रेड्डींना ९१,८७९ वाढली, गिरींना १८,५६२. रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले, गिरी ४,२०,०७७ वर गेले. हव्या होत्या त्यापेक्षा १,९०८ अधिक. एका खासदाराचं मत ५७६ चं, म्हणजे चार खासदारांनी पसंती इकडची तिकडे केली असती तर गिरी हव्या त्या आकड्याच्या खालीच राहिले असते, असं अण्णांनी वहीच्या समासात लिहिलं. ती वही माईआत्याकडे अजून आहे.

पुढचं इतिहासाला माहीत आहे. काँग्रेस फुटली. १० फेब्रुवारी १९७० ला सर्वोच्च न्यायालयाने बँकांचा कायदा रद्द ठरवला आणि चारच दिवसांत नवा वटहुकूम आला. गिरींच्या निवडीविरुद्ध याचिका झाली, राष्ट्रपती असताना ते स्वतः न्यायालयात साक्षीला गेले, याचिका फेटाळली गेली.

काकांची बदली १९७३ मध्ये खेड्यातल्या नव्या शाखेत झाली. देवळाशेजारच्या भाड्याच्या दोन खोल्या, एक तिजोरी, एक शिपाई. त्यांनी विहिरींना, मोटरपंपांना, म्हशींना कर्जं दिली, आणि गावातल्या वजनदार माणसाच्या चिठ्ठीवर आलेले अर्जही पाहिले. दोन्ही गोष्टी ते सारख्याच मोकळेपणाने सांगतात. आजीच्या भावाला मात्र महाडकडच्या एका बँकेतून बियाणाचं कर्ज मिळायला आणखी वर्षं गेली, कारण सातबारा त्याच्या मेलेल्या आजोबांच्या नावावर होता आणि वारसनोंद झालेली नव्हती. ती नोंद करून घ्यायला शेवटी अण्णा स्वतः त्याला घेऊन तलाठ्याकडे खेपा घालत राहिले. तोवर भात दिढीनेच आलं.

१९७७ च्या जुलैत तेच नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले, बिनविरोध. सदतीस अर्ज आले होते, छत्तीस फेटाळले गेले. भाऊकाका त्या आठवड्यात महाडला होते. अण्णांना ती बातमी मुळीच रुचली नाही. राष्ट्रपती न भांडता मिळाला तर त्याचं अर्थकारण कोण तपासणार, असं ते म्हणाले. काकांनी त्यांना आठवण करून दिली की जनता सरकारचे अर्थमंत्री एच. एम. पटेल आहेत, मुंदडा प्रकरणाच्या वेळचे अर्थसचिव. अण्णांनी चष्मा काढला, माईआत्याला पाणी आणायला सांगितलं, आणि १९५७ पासून सुरुवात केली.